दोन चमचे विसण

जयपूरच्या जवाहर नगरात राहणाऱ्या स्वानंदीने चार दिवस बाळाला नुसतं ओल्या फडक्यानं पुसून काढलं होतं. यश साडेतीन महिन्यांचा. सासूबाई, मीनाक्षीताई, साताऱ्याला परत गेल्या आणि हिच्या हातातलं बळच गेलं. साबण लावलेलं पोर निसटलं तर? स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेलेली, विचारणार कुणाला?

त्या सकाळी तिचा नवरा अभिषेक चौमू गावातल्या बँकेत निघताना म्हणाला, "उद्यापासून मालिशवाली बाई लावतो. तुझ्याच्यानं नाही व्हायचं."

"आज मी घालणार आंघोळ."

"यश राहील बाजूला, तूच रडशील!"

तो गेला. स्वानंदीने देवापुढे दिवा लावला, हात जोडले, "शीतळा माते, माझ्या लेकराला सांभाळ," आणि पदर खोचला. टॉवेल, झबलं, टोपरं, बाळाचा टब, सगळं आधीच काढून ठेवलं. गॅसवर तापवलेलं पाणी न्हाणीतल्या बादलीत ओतलं, दारासमोर गोधडीवर यशला निजवलं आणि फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंना गाठलं.

"आई, पाणी ओतलं. आता?"

"आता विसण घाल."

स्वानंदी जयपुरातच वाढलेली. तिचं मराठी हिंदीच्या चाळणीतून गाळून आलेलं. सासूबाई रोज बाळाला बेसन चोळायच्या ते तिने पाहिलं होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

"घातलं, आई."

"किती?"

"दोन चमचे."

"दोन चमच्यांनी काय होतंय! चांगलं तांब्याभर घाल."

"तांब्याभर? मतलब, पूर्ण?"

"हो गं बाई, कढत पाण्याला एवढं लागतंच."

बेसनाचा डबा रिकामा झाला. स्वानंदी मुकाट्यानं ढवळत राहिली.

"आई, गुठळ्या होतायत."

"पाण्यात? कसल्या गुठळ्या?"

पण स्वानंदीचं लक्ष आता यशकडे होतं. त्याला उचलून तिने डाव्या खांद्याशी घट्ट धरलं आणि टबात पाणी घेण्याआधी, कुणी न सांगता, उजवं कोपर बादलीत टेकवलं. चटका बसला तशी ती दोन पावलं मागे सरली.

"आई, कोपर घातलं तर पोळतंय! एवढं बेसन घालून पण!"

मग साताऱ्याहून असं हसू फुटलं की यशनेही मान वळवली.

"बेसन? अगं, विसण! कढत पाण्यात गार पाणी घालतात ना, ते विसण. तू तर नातवाच्या आंघोळीला पिठलं शिजवलंस!"

"मला नाहीच जमत, आई. साधा शब्द कळत नाही. अभिषेकला मालिशवाली बाईच लावू दे."

"थांब. कोपर घालून बघ असं मी सांगितलं होतं?"

"नाही."

"मी सांगायची विसरले. मग तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. भीती वाटली, म्हणून..."

"त्या भीतीनंच तर पोरं वाढतात. मी तिकडे परत यायचं तिकीट काढायच्या विचारात होते, आता नाही काढत. बादली धू आणि नव्यानं पाणी काढ."

स्वानंदीने यशला परत गोधडीवर ठेवलं. या खेपेला कढत पाण्यात विसण पडलं, खरंखुरं, भरपूर. पुन्हा कोपर. कोमट. टबात चार बोटं पाणी घेतलं, डावा हात मानेखाली, बोटं काखेत घट्ट, आणि यश अलगद पाण्यात उतरला.

रडायच्या बेतानं त्याने ओठ काढले. स्वानंदीने पोटावर ओंजळ सोडली. पोराने डोळे विस्फारले, एक लाथ मारली, पाणी थेट आईच्या तोंडावर! मग दुसरी लाथ, तिसरी, आणि बोळकं तोंड उघडून खदखदून हसणं. निसटायचं नावच नाही. उलट त्याने तिचं बोट असं धरलं की टॉवेलात गुंडाळताना सुद्धा सुटेना.

संध्याकाळी अभिषेक चपला काढता काढता म्हणाला, "बाई मिळाली. उद्यापासून ये म्हणू ना?"

आतून आवाज आला, "सांग तिला, जागा भरली!"