'समाप्त'नंतरचा सिनेमा

दुरावलेली माणसं संगीताने जवळ येतात, असं माझं वाचनाअंती बनलेलं ठाम मत होतं. आमच्या घरी बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ मोठेबाबा संगीतामुळेच दुरावले होते, पण असल्या किरकोळ गोष्टी मी मताच्या आड येऊ देत नसे.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्याच्या कितीतरी आधी आमच्या घराचे झाले होते. भजनात पहिला अभंग कोणी म्हणायचा, यावरून भांडण झालं. बाबांनी मोठ्या भावाची पेटी अंगणात नेऊन ठेवली. ती उचलून मोठेबाबा लाखांदूरला राहायला गेले ते गेलेच. आता ताईचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. मोठेबाबा आल्याशिवाय मांडवात उभी राहणार नाही, असं ताईने सांगून टाकलं, आणि बाबा काही पत्रिका द्यायला जाईनात.

मी एक जुना कृष्णधवल सिनेमा शोधून काढला. घर सोडून गेलेला गायक, झुरणारी आई, शेवटी गाण्यावरून ओळख पटून सगळे एकमेकांच्या गळ्यात! भाड्याने सीडीप्लेअर आणला. जुन्या सिनेमाचं नाव काढताच मोठेबाबा रविवारी दुपारच्या एसटीने हजर. ('सिनेमा पाहाले आलो, घरी नाही,' हे दारातच सांगून!)

सीड्या दोन होत्या. मी एक लावली. नावं आलीच नाहीत, एकदम पिकल्या दाढीचा गायक.

"हा बुढा कोन आहे रे?" आईने विचारलं.

"आई, याला फ्लॅशबॅक म्हणतात. शेवट आधी दाखवतात."

"असन बाप्पा."

तासाभरात गायक आईच्या पायाशी! पाटी आली: समाप्त. मोठेबाबा उपरण्याने डोळे पुसत होते. बाबांनी नाक शिंकरलं, उठले आणि देवापुढची पत्रिका हातात घेतली. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे टीव्ही बंद केला असता.

"थांबा," मी म्हणालो, "अर्धा सिनेमा राहिलाय!" आणि उरलेली, म्हणजे पहिली सीडी लावली.

तिच्यात धाकटा भाऊ थोरल्याची पेटी उचलतो आणि अंगणात भिरकावतो.

"पाह्य! अशीच फेकली होती तू!" मोठेबाबा ताडकन उठले.

"फेकली नोहोती, ठेवली होती!" बाबा.

"मंग तिचे दोन सूर कायले गेले?"

"ते आधीच गेले होते दादा, तुले आयकू येत नोहोतं!"

मोठेबाबांनी पायात चपला सरकवल्या. आईने टीव्हीची वायरच उपटली आणि माझ्याकडे वळली. "मानसं चांगली रडून राहिली होती. तुले काहून सुचलं रे हे?"

"सिनेमा पूर्ण..."

"पूर्ण!" मोठेबाबा दारातून बाबांना म्हणाले. "याले अक्कल नाही का रे?"

"लहानपनापासून नाही."

"मीच याले पुस्तकांचा नाद लावला. चूक माझी."

"नाही दादा, चूक माझी," बाबा म्हणाले.

कोणती चूक, हे कोणीच विचारलं नाही. मोठेबाबांनी चपला काढल्या. बाबांनी पत्रिका त्यांच्या हातात ठेवली.

लग्नाची कामं दोघा भावांनी मिळून वाटली. माझ्या वाट्याला एकच आलं: मांडवातल्या लाउडस्पीकरपासून लांब उभं राहणं.