चौसष्ट कपाटं

भूकंप झाला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सुतार आपल्या कारखान्यात एका चौकटीला रंधा मारत होता. पायाखालची जमीन हलली, टांगलेल्या करवती एकमेकींवर आपटल्या आणि दहा-बारा सेकंदांत सगळं थांबलं. भिंतीला साधा तडा नाही. शेजारचा लोहार हसत म्हणाला, "चला, वाचलो!" तेवढ्यात सुताराला घरून बोलावणं आलं.

घरी त्याची बायको कपाटाखाली अडकली होती. ती कपड्यांच्या घड्या आत ठेवत असताना कपाट पुढे झुकलं आणि तिच्या डाव्या पायावर आलं. आवाज ऐकून शेजारीण अनवाणीच धावत आली, तर कपाटाच्या फुटलेल्या आरशाच्या काचा तिच्या तळव्यात घुसल्या. दोघींना एकाच गाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं. बायकोचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

भेटायला येणारे म्हणत, "पायावर निभावलं म्हणायचं." सुतार खाली मान घालून ऐकायचा. ते कपाट त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. लग्नाच्या वर्षी, सात फूट उंच. वर बॅगांसाठी जास्तीचा कप्पा काढला होता आणि बायकोनं तो जुन्या भांड्यांनी गच्च भरला होता. वरून जड, खाली गुळगुळीत फरशी, आणि मागे भिंतीचा आधार नाही. एवढी वर्षं रोज डोळ्यांसमोर असून त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं.

आठवड्यानं बायको म्हणाली, "जेवत का नाही तुम्ही?"

"मी केलेलं कपाट पडलं तुझ्यावर."

"पाय माझा मोडलाय आणि तोंड तुमचं उतरलंय!" ती उशीला टेकून नीट बसली. "मला एक सांगा, अशी आणखी किती केलीत?"

तो बोटांवर मोजायला लागला. बोटं पुरेनात, तेव्हा तिनं वही मागितली. सुताराला माणसांची नावं आठवत नसत, लाकूड मात्र पक्कं लक्षात राही. "पोस्टमनकडे शिसवी, तीन दारांचं. नर्सबाईंकडे पांढरं, त्याची वरची बिजागरी करकरते." तो सांगत गेला, ती लिहीत गेली. चौसष्ट भरली.

आधी त्यानं घरचंच कपाट पक्कं केलं. नुसत्या गिलाव्यात स्क्रू टिकत नाही, म्हणून विटेपर्यंत ड्रिल मारलं, भोकात लाकडी गिट्टी ठोकली आणि लोखंडी अँगलनं कपाटाची पाठ भिंतीला जखडली. मग दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. कपाट ढिम्म.

मग वही घेऊन तो एकेका घरी हेच काम फुकट करून द्यायला निघाला. पहिलं घर मुख्याध्यापक बाईंचं. त्यांनी ड्रिल बघूनच दार अर्धवट लोटलं. "परवाच रंग दिलाय भिंतीला! फुकट म्हणून काय भोकं पाडून घ्यायची? आणि भूकंप काय रोज येतो?"

सुताराला बोलणं कधी जमलंच नव्हतं. तो "बरं बाई" म्हणून परत आला. पुढच्या तीन घरांतही तेच झालं.

दोन महिन्यांनी बायकोचं प्लॅस्टर निघालं. काठी टेकत ती सुताराला घेऊन स्वतः बाईंकडे गेली आणि सरळ आतल्या खोलीत शिरली. "बाई, तुमचं डोकं कुठे येतं झोपताना?" बाईंनी उशी दाखवली. "अहो, जरा टेप धरा." सुतारानं कपाटाची उंची मोजली, सहा फूट आठ इंच. तेवढीच टेप कपाटाच्या पायापासून जमिनीवर सोडली. ती पलंगाखालून उशीच्याही पुढे गेली.

बाईंनी टेपचं टोक कुठे पोचलं ते वाकून बघितलं. "हं," त्या म्हणाल्या. "पाडा भोकं. पण केर तुम्हीच काढायचा."

तेव्हापासून दोघं मिळून जाऊ लागले. तो टेप टाकायचा, ती बोलायची. एका घरात टेप पाळण्याखाली गेली; त्या बाळाच्या आईनं आधी पाळणा उचलून दुसऱ्या खोलीत नेला. सुतार ड्रिल लावेपर्यंत बायको घरातल्यांना कामाला लावायची. गॅस कुठून बंद होतो ते प्रत्येकाला करून दाखवायला सांगायची. प्यायच्या पाण्याचा एक कॅन, टॉर्च आणि कागदपत्रांची पिशवी दाराजवळ ठेवून घ्यायची. "आणि चपला पलंगाच्या पायाला बांधा. आमच्या शेजारणीचे तळवे बघून या एकदा, म्हणजे कळेल." पोरांनी सुताराचं नाव 'भोककाका' ठेवलं. त्याला ते आवडलं असावं, कारण तो हाकेला ओ द्यायला लागला.

त्रेसष्ट घरं झाली. राहिलं ते थोरल्या भावाचं. सुतार त्याच्याच हाताखाली शिकला होता आणि ते कपाट दोघांनी मिळून केलं होतं.

"दहा माणसं लागली होती ते आत आणायला," भाऊ म्हणाला. "ते काय पडतंय? आपल्याच कामात खोट काढतोस?"

"काम चांगलंच आहे, दादा. पण जमीन हलते, हे आपण धरलंच नव्हतं."

"तू शिकवणार मला?"

सुतार ड्रिल उचलून निघाला. त्यानंतर वर्षभर दोघं बोलले नाहीत.

दुसरा भूकंप दुपारी तीनला आला, पहिल्यापेक्षा मोठा. सुताराची बायको काठी टाकून टेबलाखाली शिरली. थांबल्यावर तिनं चपला घातल्या, गॅस बंद केला आणि मगच बाहेर आली. वस्तीत दोन जुन्या भिंती कोसळल्या, भांड्यांचा नि काचांचा खच पडला. पोस्टमनकडे भिंतच पोकळ निघाली. कपाट एका बाजूनं सुटून तिरकं लटकलं, पण खाली आलं नाही. त्याखाली कोणी नव्हतंच, पलंग आधीच हलवला होता.

सुतार मात्र धावला तो भावाच्या घराकडे. दार उघडंच होतं. भाऊ फरशीवर बसून फुटलेल्या बरण्या गोळा करत होता, पायांत बूट. कपाट जागच्या जागी होतं. सुतारानं वाकून मागे बघितलं. भिंतीला आडवी लाकडी पट्टी, तिच्यात कपाट खाच करून बसवलेलं. बाहेरून एक स्क्रू दिसत नव्हता.

"कधी केलंस?"

"तू गेलास त्याच आठवड्यात," भाऊ मान वर न करता म्हणाला. "तुझ्यासारखे उघडे अँगल नाही लावले. कसं दिसतं ते!"

सुतार जो हसायला लागला तो थांबेचना. हसता हसता डोळे भरून आले, तसा तो खाली बसून काचा वेचू लागला. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?" भावानं त्याच्याकडे सूप सरकवलं.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापक बाईंनी दोघा भावांना आपल्या शाळेत बोलावून घेतलं. वाचनालयात पुस्तकांच्या मांडण्या बारा होत्या, सगळ्या मुलांच्या बाकांमागे. पट्टी सरळ बसतेय का ते बघायची लेव्हल कोणी धरायची यावरून दोघं अर्धा तास भांडले, मग कामाला लागले.