दोन हजार पाचशे एकोणीस तारा

पानिपतला मला काकांनी आणलं. नात्यातले नव्हेत, सोलापूरला आमच्या गल्लीत राहायचे, इतकंच. सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी चादरींच्या कारखान्यात माग मिळवून दिला, स्वतःच्या खोलीत जागा दिली. त्यांच्यावर संशय घेताना मला माझीच लाज वाटत होती. पण घेतला.

झालं असं. काका ताणा करायचे, म्हणजे चादरीच्या उभ्या तारा मोजून मागाच्या रुळावर, बीमवर, गुंडाळायचे. त्यावर मी विणायचो. एकदा दहा-दहा तारांची जाळी विणत होतो, तर डाव्या काठाची शेवटची जाळी एका तारेनं अपुरी निघाली. मालकांनी डिझाइन बदलून आठ तारांची चौकट लावली. तीही एका तारेनं अपुरी! दोन पट्टे शिवून चादर व्हायची, त्यामुळे शिवणीवर नक्षी जुळेना.

मालक म्हणाले, "अगला पीस ऐसा निकला, तो अपना गाँव देख लेना."

डिझाइनं दोन, चूक एकच. कुणीतरी मुद्दाम करतंय, असं डोक्यात बसलं. जेवणाच्या सुट्टीत, दोन दुपारी, सुईनं एकेक तार सारत मोजल्या. दोन हजार पाचशे एकोणीस. पुठ्ठ्यावर भागाकार मांडले. दहानं भागलं, बाकी नऊ. नवानं, आठ. आठानं, सात. थेट दोनापर्यंत तेच. सगळ्यांनाच एकानं हुलकावणी देणारा असा लबाड आकडा आपोआप येतो होय? आणि मोजणारा माणूस एकच. शिवाय काकांचा पुतण्या येणार, त्याला माग हवाय, हेही कानावर आलं होतं.

पुठ्ठा घेऊन काकांकडे गेलो. "हा आकडा कुणी काढला, काका?"

"का रे, पोलिसात लागलास काय?" त्यांनी पुठ्ठा हातभर लांब धरून वाचला. "हा माझा नव्हे. मी दोन हजार पाचशे वीस घेतो. एकापासून दहापर्यंत कशानंही भागून बघ, बाकी उरत नाही. कुठलंही डिझाइन काठाला बरोबर बसतं. तूच तोडली असशील तार."

"तुटली असती, तर मागाच्या फणीत तिचं घर रिकामं दिसलं असतं. एकही रिकामं नाही. तार मुळात आलीच नाही."

काकांनी पुठ्ठा परत दिला. मग म्हणाले, "ताणा करताना दोऱ्याचा एखादा कोन संपला असेल. दिसला नसेल मला. मालकाला सांगणारेस?"

नाही सांगितलं. रिळावर जादा दोरा गुंडाळला, वजन लावून मागामागे टांगला आणि काठाला ओवला. पुढचा पीस जुळला. मालकांनी उलटसुलट करून पाहिला आणि तयार मालावर ठेवला. मी राहिलो.

काकांना खरंच दिसलं नव्हतं की काय, मला आजही ठाऊक नाही. पुतण्या अजून आलेला नाही. मी काकांच्याच खोलीत राहतो, त्यांच्या हातची भाकरी खातो, आणि त्यांचा नवा बीम आला की विणण्याआधी मोजायला बसतो. ते शेजारी उभे राहतात.

"झालं का?"

"बाराशे झाल्यात. बोलू नका काका, चुकेन."