अकरा संगणकांचा पालक

ताथोड, गोपाल केशवराव. वय एकोणचाळीस. मुक्काम अकोला. हुद्दा: पॅकेज मेंटेनर, म्हणजे सी भाषेतल्या एका मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररीचा आणि सोबतच्या दोन छोट्या प्रोग्रामांचा अधिकृत पालक. कार्यक्षेत्र: संपूर्ण पृथ्वी. मानधन: निरंक. कर्मचारी: वरीलप्रमाणे.

दिवसा हा अधिकारी बार्शीटाकळीजवळच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनमध्ये संगणक सांभाळतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन तारेतून संगणकात येतं. ते वाचायचं काम ही लायब्ररी करते. ती लिहिली फिनलंडच्या एका गृहस्थानं, आणि लिहून तो मोकळा झाला. पण कोणती फाइल कुठं बसेल, कशावाचून अडेल, परवाना कोणता, हे सगळं नीट बांधून दिल्याशिवाय लिनक्सचं वितरण, म्हणजे ही प्रणाली जगभर पुरवणारी संस्था, ती आत घेत नाही. ही बांधाबांध म्हणजे पॅकेजिंग. ते करणाऱ्या जुन्या माणसानं गेल्या वर्षी राजीनामा दिला. महिनाअखेरपर्यंत नवा पालक मिळाला नाही तर लायब्ररी यादीतून जाणार, असं पत्र यंदा निघालं. म्हणजे पुढच्या आवृत्तीत जिनचा काटा मुका.

गोपालनं काम सगळं करून ठेवलं होतं. अडलं होतं ओळखीपाशी. वितरणाचा नियम जुना आणि कडक: आधीच्या सभासदानं उमेदवाराला समोरासमोर पाहायचं, सरकारी ओळखपत्र तपासायचं, त्याच्या डिजिटल किल्लीची चाळीस अक्षरं कागदावरून ताडायची, मगच सही. व्हिडिओ कॉल चालत नाही.

अशा एक सभासद पौर्णिमा देव, पुण्याच्या, रेल्वेनं नागपूरला निघाल्या होत्या. अकोल्याला गाडी पाच मिनिटं थांबते. "पाच मिनिटं पुष्कळ झाली," त्यांनी कळवलं.

त्यांना वऱ्हाड ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ओळखीचं माणूस स्टेशनावरून जाणार म्हटल्यावर घरचा डबा जातोच. गोपालच्या आई सत्यवतीबाई डब्यासह फलाटावर हजर होत्या.

"घे वो माय, पातोडी हाय. ठेचा वेगळा बांधला."

"अहो काकू, एवढं कशाला? नको खरंच."

"काहून नको? नागपूर येतवर उपाशी राहशीन का?"

"माय, थांब ना वं," गोपाल म्हणाला, "मले आधार दाखवू दे."

"आधार कुठी पयून चाललं? पोरगी चालली!"

पुण्याचं 'नको' आणि वऱ्हाडाचा आग्रह यांचा निकाल पाच मिनिटांत लागत नाही. लागला तेव्हा डबा पौर्णिमाबाईंच्या हातात होता, आधार गोपालच्या खिशात, आणि गाडी हलली होती. चपला सांभाळत तो गाडीत चढला. चाळीस अक्षरांचा कागद काढून दाराजवळ उभ्याउभ्या वाचू लागला; पौर्णिमाबाई डबा काखेत धरून एकेक अक्षर ताडत होत्या. सव्विसाव्या अक्षराला टीसी आला.

"काय करून राहिले इथं?"

"ओळख पटवून राहिलो."

"कोणाची?"

"माहीच."

टीसीनं आधार पाहिलं, प्लॅटफॉर्म तिकीट पाहिलं आणि दंडाची पावती फाडली; तेवढ्यात पौर्णिमाबाईंनीही आधार पाहून उरलेली चौदा अक्षरं ताडली. गोपालची ओळख त्या दिवशी दोन ठिकाणी अधिकृतपणे पटली. मूर्तिजापूरला थांबा होता हे नशीब. तिथं उतरून तो परतीच्या बसमध्ये बसला, तोच आईचा फोन.

"डबा आणला का?"

"राहिला त्याहीच्यापाशी."

"मंग गाडीत चढून केलं काय तुनं?"



नागपूरहून सही आली, पुढची मंजुरी मिळाली, आणि मुदतीला दोन दिवस असताना गोपालनं आपलं पॅकेज चढवलं. लायब्ररी यादीत राहिली. डबा अजून यायचा आहे.

कोणतं पॅकेज किती ठिकाणी बसवलंय याची वितरणाकडं नोंद असते. श्री. ताथोड यांच्या कार्यक्षेत्रात सध्या अकरा संगणक आहेत. त्यांतला एक जिनमध्ये आहे. चार गोपालच्या घरी आहेत, आणि त्यांतले दोन बंद पडलेत.