खलनायकाच्या रानातली मेंढरं

कासार आंबोलीत विश्राम ढमालेने कुणाला "जेवलास का?" असं विचारलं, तर माणूस जेवलेला असो नाहीतर उपाशी, आधी दोन पावलं मागं सरतो. याला कारण सिनेमा. चाळीस वर्षं विश्रामने मराठी सिनेमात वाईट माणसं केली. कधी सावकार, कधी सरपंच, कधी पाटलाचा धाकटा भाऊ. नावं बदलायची, धंदा एकच, दुसऱ्याचं रान गिळायचं. तो कधी ओरडला नाही. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मायेने विचारायचा, "जेवलास का?" आणि मग त्याचं घर पेटवून द्यायचा. बायका पडद्याकडे बघून कडाकडा बोटं मोडायच्या. खलनायकाला यापेक्षा मोठं बक्षीस नसतं.

पण त्याच खलनायकाची लेक लग्नाची झाली, की हे बक्षीस घरात येऊन बसतं. विश्रामची अपेक्षा हिंजवडीत कंपनीत कामाला. शिकलेली, देखणी, तोंडाने जरा फटकळ, पण बापावर जीव. तिची दोन स्थळं आली आणि गेली. पहिल्यांनी पत्रिकेचं निमित्त काढलं. दुसऱ्यांची आजी सरळच म्हणाली, "सोंग असलं म्हणून काय झालं? आत असल्याशिवाय बाहेर येतं व्हय?" आता तिसरं स्थळ अपेक्षाने स्वतःच शोधलं होतं, तिच्याच कंपनीतला पियूष. मुलगा कबूल, मुलाची आई कबूल. पण त्या घरात वडलांच्या मागं सगळा शब्द मामाचा. मामा चौकशी करणार, आणि त्याच्या मनात भरलं तरच सुपारी फुटणार.

"बाबा, या वेळी तुम्ही काही करू नका," अपेक्षाने बजावलं होतं. "काही म्हणजे काहीच. नुसते बसून राहा."

आता नुसतं बसणं हे विश्रामला कधी जमलं होतं? शूटिंगवाले पहिल्यांदा मुळशीच्या घाटात आले, तेव्हा त्याला घोडा धरायला बोलावलं होतं. घोडा बाजूला राहिला आणि हाच कॅमेऱ्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. दिग्दर्शक आधी खवळला, मग त्याच्या डोळ्यांकडे बघत बसला. म्हणाला, "याला बोलायला लावू नका. नुसतं बघू दे." तिथून गाडी सुरू झाली. काम चोख करायचा. पौडच्या कचेरीबाहेर जाऊन बसायचा, दलाल कसे हसतात, म्हातारीच्या हाताला धरून अंगठा कसा उठवून घेतात, भाऊ भावाला कसा गोड बोलून बुडवतो, सगळं टिपायचा आणि पडद्यावर तसंच्या तसं उतरवायचा.

या विद्येनेच त्याचा घात केला. जगातला एकूण एक लबाड त्याला आतून माहीत झाला आणि मग त्याला दुसरं काही दिसेना. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसलं. दुकानदार हसला की यानं माप बघितलंच. पुतण्या पाया पडला की याने मनात म्हटलंच, काय पाहिजे असेल? सिनेमे आटले, एखाददुसरी मालिका उरली, तसा रिकामपणात हा रोग आणखी बळावला. त्याची बायको जया वैतागून म्हणायची, "आवं, दूधवाला आलाय. दरोडेखोर न्हाई."

सगळ्या जगात विश्राम एकाच माणसावर डोळे मिटून भरवसा ठेवायचा. भैरू मेंढक्यावर. भैरू त्याच्याच वयाचा. भात निघालं की खाचरं मोकळी होतात, तेव्हा भैरूचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडासकट सगळा तळ, विश्रामच्या रानात उतरायचा. भैरूच्या बापापासूनची ही रीत. भोवती जाळी लावून मेंढरं रानात बसवायची, लेंड्यामुताने जमीन कसदार होते, बदल्यात रानमालक धान्य देतो. पण विश्रामला भैरू हवा असायचा तो खतासाठी नव्हे. नवीन सिनेमा मिळाला की तो थेट रानात यायचा आणि सगळा प्रसंग भैरूसमोर करून बघायचा. विश्राम सावकार, भैरू गरीब कुणबी. विश्रामने खांद्यावर हात ठेवला, की भैरूने पटका काढून त्याच्या पायावर ठेवायचा आणि रडायचं, "नगा मालक, लेकरं कुटं जातील?" सुरुवातीला भैरूला हसू आवरायचं नाही. मग हळूहळू असा रंगायला लागला, की त्याची बायको तुळजाबाई भाकरी थापता थापता डोळे पुसायची. महाराष्ट्राला जो खलनायक माहीत होता, त्याचा पहिला बळी भैरू होता, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

यंदा वाडा उतरला आणि चारच दिवसांत एक पांढरी गाडी रानाच्या फाट्यावर येऊन थांबली.

विश्राम घराच्या गच्चीवर उभा होता. गाडीतून काळा चष्मा घातलेला एक जाडसर माणूस उतरला, भैरूपाशी गेला, बराच वेळ बोलला. भैरू काठीने दाखवत होता, या बांधापासून त्या बांधापर्यंत. मग दोघं बांधावरून चालले. माणसाने मोबाईल काढून फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तोच माणूस, तेच बोलणं.

हा रानाचा गिऱ्हाईकच, विश्रामने ठरवून टाकलं. आजूबाजूची रानं एकेक करून बंगल्यांत गेली होती. शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले, आठवडाभर नुसते कुत्रे भुंकायचे. मधोमध विश्रामचंच रान तेवढं मोकळं उरलं होतं. त्यात पुतण्या शेखर, जो स्वतःच प्लॉटची दलाली करायचा, त्याने बरोबर तेल ओतलं. "काका, तुमी भैरूला बापापासनं बसवताय. उद्या म्हणंल, मीच कसतोय रान. कूळ लागंल, कूळ! मग बसा कोर्टात."

कूळ लागणं, म्हणजे कसणाऱ्याचं नाव जमिनीला चिकटणं, ही आपल्याकडच्या जमीनवाल्याची भुतापेक्षा मोठी भीती. मेंढरं बसवल्याने कुणी कूळ होत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण विश्रामने हाच डाव एका सिनेमात स्वतः टाकला होता आणि तिथे तो लागू पडला होता. पडद्यावर लागू पडलं ते खऱ्यात का पडणार नाही?

जया म्हणाली, "आवं, तो मामा चौकशीला यायचाय म्हणली व्हती न्हवं अपेक्षा? त्योच असंल."

"खुळी हायेस," विश्राम म्हणाला. "चौकशीला आल्याला माणूस देवळापाशी विचारतो, दुकानात विचारतो. मेंढक्याला कोण विचारतं? आन् बांधावरनं कशाला हिंडंल?"

"लेकीनं काय सांगितलंय?"

"काय करत न्हाई मी. बघून येतो."

बघून येतो म्हणाला खरा, पण निघताना खांद्यावर उपरणं टाकलं. सावकार करताना टाकायचा, तेच. तिसऱ्या दिवशीचे दहा वाजले असतील. फाट्यावर गाडी उभी होती, माणूस मात्र कुठे दिसत नव्हता. ते पाहून विश्रामला वाटलं, बरं झालं, आधी घरभेदी बघू.

भैरू जाळीची खुंटी ठोकत होता. विश्रामने मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने विचारलं, "भैरू, जेवलास का?"

भैरू हसला. त्याला वाटलं, नवा सिनेमा मिळाला. "कंचं काम हाय रं, इसराम?" म्हणत तो वळला, आणि विश्रामचे डोळे बघून त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"माझं रान दावतोस व्हय गिऱ्हाइकाला? या रानावर माझ्या बापानं तुला पोसला, आन् तू माझ्या बुडाखाली सुरुंग लावतोस? उचल वाडा. आत्ताच्या आत्ता उचल!"

भैरू काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. गप्प बसलेला माणूस विश्रामच्या हिशोबात कबूल झालेला माणूस. त्याने खुंट्या उपटल्या, जाळी फेकली. मेंढरं बिथरून बांधाकडे पळाली. तुळजाबाई चुलीपासून उठली तर विश्रामची लाथ चुलीवरच्या भगुण्याला लागली आणि शिजत आलेली आमटी मातीत गेली. लाथ चुकून लागली की मुद्दाम मारली, हे विश्रामला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

आणि तेवढ्यात विहिरीच्या कठड्यामागून तो माणूस बाहेर आला. हातपाय धुवायला गेला होता बिचारा. त्याने काळा चष्मा काढला.

"ढमाले साहेब, नमस्कार. मी विलास जगताप. पियूषचा मामा."

विश्रामने स्वतःकडे पाहिलं. हातात उपटलेली खुंटी, पायाशी सांडलेली आमटी, समोर धनगराची बाई थरथर कापतेय. त्याच्याच सिनेमाचं पोस्टर. अपेक्षाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याला वाटलं, ही खुंटी आपल्याच कपाळात घालून घ्यावी.

"मी एसटीत कंट्रोलर होतो," मामा सावकाश म्हणाले. "गावात चौकशी केली की भावकी मोडता घालते, हे मला माहीत आहे. म्हणून गावाबाहेरच्या माणसाला विचारतो, आणि पुन्हा पुन्हा विचारतो. गोष्ट तीच आली तर खरी. कुणाला सांगू नका, असंही बजावतो. हे भैरूबाबा दोन दिवस मला तुमचं कौतुक सांगतायत. या बांधापासून त्या बांधापर्यंत आमची मेंढरं बसतात, विहीर आमच्यासाठी उघडी ठेवलीय, कधी वाकडा शब्द नाही. मी तर फोटोसुद्धा काढून बहिणीला पाठवले." त्यांनी सांडलेल्या आमटीकडे पाहिलं. "आता मी काय समजायचं?"

विश्रामने तोंड उघडलं. चाळीस वर्षांत त्याला कुणी ना कुणी वाक्य लिहून दिलं होतं. आज कुणी दिलं नाही.

तेव्हा भैरूने पटका काढला. धावत येऊन तो विश्रामच्या पायावर ठेवला आणि हंबरडा फोडला, "नगा मालक! लेकरं कुटं जातील?"

मामा दचकले. भैरू क्षणभर तसाच रडला, मग डोळे पुसत, हसत उठला. "कसं वाटलं, पाव्हणं? काल तुमी म्हणला न्हवं, तुमचा ढमाले पडद्यावर लई बघितलाय, येकदा समोर बघायला पायजे? म्हणलं, बघाच. 'जेवलास का' म्हणला तवा वळखायला नगं व्हतं व्हय?"

मामा बघत राहिले. त्यांनी तुळजाबाईकडे पाहिलं. नवऱ्याकडे एकदा बघून तिने पदर तोंडाला लावला. हसू झाकायला की काय झाकायला, ते तिचं तिला ठाऊक. "आमच्याकडं असंच चालतं," ती म्हणाली. "दर साली येक भगुणं जातंय."

मग मामा हसले. पोट धरून हसले, टाळ्या वाजवल्या. "अहो, मी घाबरलो की खरंच! धन्य आहे तुमची!" आता विश्रामची पाळी होती. त्याने खुंटी टाकली, उपरणं झटकलं आणि तो हसला, आपलं जुनं, घशातल्या घशातलं, थिएटर गाजवणारं हसू. आयुष्यात त्याने इतकं अवघड काम कधी केलं नव्हतं.

दुपारी मामा विश्रामच्या घरी जेवले आणि उठताना सुपारीचा दिवस सांगून गेले. जयाने देवापुढे साखर ठेवली. अपेक्षाने फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही काही केलं नाहीत ना?" विश्राम म्हणाला, "न्हाई." संध्याकाळी तो गच्चीवर गेला तर रान मोकळं. जाळी नाही, मेंढरं नाहीत, चुलीचे तीन दगड तेवढे उरलेले.

पंधरा दिवसांनी लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवून, दुसरी घेऊन विश्राम भैरूला शोधत गेला. सोबत नवं भगुणंही घेतलं होतं. दोन गावं पलीकडे एका परक्याच्या खाचरात वाडा होता. भैरूने कपाळाला लावून पत्रिका घेतली. तुळजाबाईने भगुणं घेतलं, बघितलं आणि पालथं घालून ठेवलं.

"भैरू, माझी चूक झाली. मी त्या दिवशी खरंच..."

"न्हाई रं. मला कळलं नव्हतं व्हय?" भैरू म्हणाला. "लेक तुझी ती माझी. सोड ते. बस, भाकर खा."

"पुढल्या साली वाडा घेऊन येशील न्हवं?"

"येईन की. न यायला काय झालं? माझ्या पोटात काय न्हाई."

भैरू हसत होता. अगदी पहिल्यासारखा, लहानपणी ओढ्यात उड्या मारताना हसायचा तसा. विश्राम त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. डोळे, भुवया, ओठांचे कोपरे, आयुष्यभर जे वाचायला शिकला होता ते सगळं त्याने वाचून पाहिलं. कुठे तसूभर खोट सापडली नाही.

पण त्या दिवशी मामांसमोर तरी कुठे सापडली होती? क्षणात डोळ्यांत पाणी आणि क्षणात हसू आणणारा हा माणूस आपणच तर तयार केला, वर्षानुवर्षं, याच मेंढरांपुढे. याचं आजचं हसू खरं आहे, हे आता कुणाला विचारायचं? ज्याला विचारलं असतं असा जगात एकच माणूस होता, आणि तो समोर बसून हसत होता.

"खा की," भैरू म्हणाला.

विश्रामने भाकरीचा तुकडा मोडला.