निळा दिवा आणि काशाप्पा अण्णा

काशाप्पा अण्णा आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचे. मूळचे अफजलपूरकडचे. घरची मेंढरं विकावी लागल्यावर पंच्याण्णव साली ते पुण्याला गेले, भोसरीत लोखंडी दारं-खिडक्या जोडणाऱ्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आठ-नऊ वर्षं राबले आणि आई थकली म्हणून परत आले. मग गुलबर्ग्यातल्या आमच्या कॉलेजात लागले. मी बिदरच्या नौबादची. प्रयोगशाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला अक्का.

२००८ साली माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना कर्करोगावरचं एक औषध द्यायचं आणि पुढं काय होतं ते मोजायचं. हे औषध पेशीतला डीएनए तोडतं. डीएनए तुटला की धड पेशी आधी थांबते. विभाजन रोखणारी जनुकं जोरात कामाला लागतात, विभाजन पुढं रेटणारी गप्प होतात. कर्करोगाच्या काही पेशींत हा ब्रेक शाबूत असतो, काहींत निकामी झालेला असतो. आमच्या पेशींत तो कितपत चालतो, हे मला पाहायचं होतं. तुलनेसाठी निम्म्या बशांना औषध द्यायचंच नाही.

जूनपासून घोटाळा सुरू झाला. औषध न दिलेल्या पेशीही थांबायला लागल्या. रोखणारं जनुक त्यांच्यातही जोरात कामाला लागलेलं. मी औषध बदललं, नव्या पेशी मागवल्या, काही फरक नाही. सप्टेंबर उजाडला. पेशींचं खाद्य ठेवायच्या बाटल्यांत साबण राहत असणार असं मला वाटलं आणि सगळ्यांसमोर मी अण्णांना बोलले.

"अण्णा, तुम्ही नीट विसळत नाही. माझं वर्ष वाया चाललंय."

तीन दिवस खपून त्यांनी सगळ्या बाटल्या पुन्हा धुतल्या. पेशी तरीही थांबल्याच.

चौथ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा त्यांचे डोळे लालभडक होते.

"अक्का, एक इचारू? तुमच्या त्या पेटीत वेल्डिंगसारखं काय हाय का?"

"वेल्डिंग? का हो?"

"काल काच वर करून पेटी पुसली. सांच्याला डोळ्यात वाळू घातल्यावानी चुरचुरायलं. भोसरीत असंच व्हायचं. उघड्या डोळ्यानं वेल्डिंग बघितलं की तवा काय कळत न्हाई, चार-पाच तासांनी आग होती. ह्या दोन-तीन महिन्यांत पेटी पुसली की दर खेपेला असंच व्हायलंय. मला वाटलं, औषधाचा वास लागला असंल."

पेशींचं सगळं काम त्या पेटीत चालायचं. पुढून काच, आत जंतू मारणारा अतिनील दिवा; वेल्डिंगच्या उजेडातही तेच किरण असतात. कामाला बसताना तो बंद करायचा, आणि मी रोज बटण बंद करत होते. आम्ही दोघं धावतच गेलो. पेटीतली पांढरी ट्यूब मी विझवली. बटण बंद होतं, तरी वर कोपऱ्यात निळा उजेड तसाच.

बटण आतून बिघडलं होतं. ट्यूबच्या प्रकाशात तो उजेड दिसायचाच नाही. मी काचेमागे बसायची, हातात मोजे, म्हणून मला काही लागलं नाही. बशांची झाकणं मात्र मी त्याच दिव्याखाली उघडत होते. अतिनील किरणांनीही डीएनए बिघडतो. माझ्या पेशी थांबत होत्या ते बरोबरच होतं.

"अण्णा, माझं चुकलं. उगाच बोलले तुम्हाला."

"साबण न्हाई हे मला ठावं होतं. पर धुतल्याबिगर तुमची खात्री कशी पटावी?"

बटण बदललं. आठवड्याभरात बिनऔषधाच्या बशा पेशींनी भरून गेल्या, औषधाच्या तशाच राहिल्या. अण्णांना मी सूक्ष्मदर्शकातून दोन्ही दाखवल्या.

"ह्या वाढायल्यात अन् ह्या थांबल्यात, व्हय? थांबल्या की माणूस बरं होतंय का?"

"तेवढं सोपं नाही, अण्णा. काही दुरुस्त होऊन पुन्हा वाढतात. पण कुठल्या थांबतात हे कळलं, तर औषध निवडायला कधीतरी मदत होईल."

त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही.

२०११ मध्ये मला पदवी मिळाली. अण्णा बायकोला, म्हाळसाबाईंना घेऊन आमच्या नौबादच्या घरी आले. माझ्या आईला म्हणाले, "पोरीनं लई कष्ट केले." स्वतःबद्दल अवाक्षर नाही. म्हणून मीच सगळं सांगितलं, मी त्यांना बोलले होते तेसुद्धा. त्यांच्यामुळे माझं काम उभं राहिलं, हे त्यांच्या माणसासमोर सांगायला मिळालं म्हणून मला फार बरं वाटलं.

म्हाळसाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "डोळे कामून लाल झालेत म्हणून मी इचारलं होतं की," त्या म्हणाल्या, "तर म्हणले, धूळ गेली."