त्या पोट्ट्याचं वाचन

मध्य प्रदेशात बालाघाटला आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचते, बाकीचे ऐकतात, आणि वाचणारी थांबली की सगळे हात जोडून तीनदा 'साधू', म्हणजे 'फार चांगलं', म्हणतात. चौदा वर्षं ती वाचणारी मी होते. मी गोंदियाकडची, मराठी शाळेत शिकलेली. इथल्या पोरी हिंदी शाळेतल्या, मराठी जोडाक्षर आलं की अडखळतात. म्हणून माझा भाव होता, आणि मला तो आवडायचा.

मग धाकटा दीर नागपूरची बायको घेऊन आला. तिला सगळे लहानी म्हणतात. गेल्या वर्षावासात मला खोकला झाला, चार दिवस तिनं वाचलं. पाचव्या दिवशी मी घसा बरा करून गेले, तर लामत्याहून लेकीकडे राहायला आलेली म्हातारी म्हणते, "राहू दे वं, लहानीच वाचते चांगलं." चांगलं! मग मी काय चौदा वर्षं झक मारत होते?

तेव्हापासून मी जी जळायला लागले ती जळतच राहिले. एक तरी चूक सापडावी म्हणून मी कान लावून बसायची. सापडायची नाही. मेलीचा 'ष' सुद्धा कधी घसरला नाही. वर बाहेर आल्यावर मलाच विचारायची, "ताई, बरोबर वाचलं ना मी?" मी म्हणायची, "हौ, ठीक होतं." पुढच्या वर्षी ग्रंथ कोण वाचणार, हे बायांनी अजून ठरवलं नव्हतं. माझा सगळा जीव त्यातच अडकला होता.

वर्षावास संपला तरी बायांना वाचनाची चटक लागली होती. रविवारी दुपारी आमच्याच घरापुढच्या छपरीत बसायचं ठरलं. लहानीनं माहेरून एक कादंबरी आणली, तीही कसली! पुढच्या काळातलं एक शहर. तिथं पाणी, भाकर, झोप, सगळं सरकारच्या हुकमानं. म्हाताऱ्यांवर पहारा ठेवायला पंधरा-सोळा वर्षांची पोरं नेमलेली. त्यातलंच एक पोरगं स्वतःच्या तोंडानं गोष्ट सांगते आणि हसत हसत माणसं झोडपते. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "हे काय घरात वाचायचं पुस्तक आहे?" पण शेजारची कॉलेजातली पोरगी म्हणाली, "काकी, बहुत मस्त है, सुनो तो." झालं. मी भिंतीला टेकून बसले.

तिसऱ्या रविवारी त्या पोरानं एका म्हाताऱ्या शिंप्याची बोटं दारात चेंगरली. म्हातारा शिवताना गुणगुणत होता, एवढाच त्याचा गुन्हा. हे मला नंतर कळलं. तेव्हा माझं लक्ष गोष्टीत नव्हतंच. ही श्वास कुठं घेते, आवाज कुठं उतरवते, बाया कशा तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघतात, तेवढंच मी पाहत होते. ती पाणी प्यायला थांबली. आणि मी चौदा वर्षांच्या सवयीनं हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "साधू! साधू! साधू!"

माझ्यामागे दोघी-तिघींनी हातही जोडले. बाकीच्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या.

"ताई," लहानी म्हणाली, "बोटं मोडली ना वं त्याची."

जी हसली छपरी, विचारू नका. कॉलेजातली पोरगी तर पोट धरून लोळली. लामत्याची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "माय वं, काहून त्या गरिबाच्या मागे लागली?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि लहानीच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. "आण इकडे. पुढचं मी वाचते."

पुढं त्या पोराच्या तुकडीत एक नवीन पोरगा येतो. त्याचा पहारा असला की म्हातारे निवांत झोपतात. आपलं गोष्ट सांगणारं पोरगं सांगते, "त्याला पाहून लोक हसायचे आणि मला पाहून दार लावायचे, म्हणून मी आधी त्यालाच धरलं." ते वाक्य मी वाचलं आणि माझा आवाज असा काही लागला की माझा मलाच ओळखू येईना. मी अडखळले नाही. मारहाण आली तशी मी एकेक शब्द ठेचून वाचला. आणि पान उलटताना नजर वर जायची ती लहानीवरच. हसणं केव्हाच बंद झालं होतं. कॉलेजातल्या पोरीनं मोबाइल उलटा ठेवला.

वाचून झालं तेव्हा म्हातारी म्हणाली, "बाई बाई, तू त त्या पोट्ट्यावानीच बोलून राह्यली. आता ह्याचं तूच वाच. ग्रंथाले लहानी आहेच." सगळ्या एका सुरात "हौ, हौ" म्हणाल्या. बस्स, ठरलं. इतकी वर्षं मी ज्यावर जीव टाकला ते एका मिनिटात तिच्या पदरात पडलं, आणि माझ्या वाट्याला तो राक्षस आला.

संध्याकाळी मी चहा ठेवत होते. लहानी येऊन दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"ताई, पुढच्या वर्षी ग्रंथ तुमीच वाचा. मी बायांले सांगतो तसं."

"काहून? तुले दिला ना त्यांनी?"

"तुमी माह्याकडे पाहून वाचून राह्यल्या होत्या," ती खाली बघत म्हणाली. "मले भेव लागला."

बावीस वर्षांची पोर, सासरी येऊन पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. तिला जवळ घ्यायला हवं होतं. नाही गं वेडे, तूच वाच, असं म्हणायला हवं होतं. ते शब्द माझ्या तोंडाशी आलेही होते.

मी म्हटलं, "हौ. वाचीन मी."